मधल्या काळाची छायाचित्रे : पहाडगंज, विकी रॉय आणि बदलते भूदृश्य

बदलत्या भूप्रदेशाचा काळ छायाचित्रात कसा पकडावा, या प्रश्नाची दोन उत्तरे या माध्यमाच्या इतिहासात मिळतात. पहिले उत्तर तुलनेचे आहे : जुन्या छायाचित्रातील जागा शोधून काढायची, कॅमेरा शक्य तितक्या अचूकपणे त्याच ठिकाणी, त्याच उंचीवर आणि त्याच दिशेने रोखायचा, आणि पन्नास किंवा शंभर वर्षांनंतरचे दुसरे चित्र घेऊन दोन्ही शेजारी ठेवायची. या पद्धतीला पुनर्छायाचित्रण म्हणतात. अमेरिकेत मार्क क्लेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ नंतर पश्चिमेकडील प्रदेशाच्या जुन्या सर्वेक्षण-छायाचित्रांवर असे काम केल्यापासून तिला शास्त्रीय शिस्त आली. दुसरे उत्तर अधिक अवघड आहे, कारण त्यात ‘आधी’ आणि ‘नंतर’ ही दोन टोके हाताशी नसतात. जुने मोडून झाले आहे पण नवे अजून उभे राहिलेले नाही, अशा अवस्थेत अडकलेली जागा आणि तिच्यात अडकलेली माणसे हाच तिथे विषय असतो. त्या अवस्थेला या लेखात ‘मधला काळ’ म्हटले आहे, आणि दिल्लीच्या पहाडगंजातून घडलेले छायाचित्रकार विकी रॉय यांचे सगळे महत्त्वाचे काम या मधल्या काळाचेच आहे, असे इथे मांडायचे आहे.

रॉय यांचे नाव वृत्तपत्रांतून आणि व्याख्यानांतून पुष्कळदा घेतले जाते, पण बहुतेक वेळा ते घरातून पळालेल्या एका मुलाच्या यशाची कहाणी म्हणून. ती कहाणी खरी आहे आणि ती सांगितली जाण्यात काही गैर नाही. तथापि तिच्यामुळे चित्रांचे परीक्षण मागे पडते. रस्त्यावरील मुलांची त्यांची चित्रे एका कप्प्यात, न्यूयॉर्कमधील बांधकामाची दुसऱ्या आणि हिमाचलातील डोंगरांची तिसऱ्या कप्प्यात टाकली जातात, आणि या तिन्हींमागची नजर एकच आहे हे ध्यानात येत नाही. ती नजर समजून घेण्यासाठी पहाडगंजापासूनच सुरुवात करावी लागते.

पहाडगंज ही जुन्या तटबंदीच्या शहराबाहेरील, अजमेरी दरवाजाच्या नैर्ऋत्येस वसलेली बाजारपेठेची वस्ती. १८५७ च्या उठावाच्या वेळी इथे स्वतंत्र ठाणे होते आणि त्या ठाण्याचे ठाणेदार मुइनुद्दीन हसन खान यांनी लिहिलेला त्या दिवसांचा वृत्तान्त हा उठावाच्या अभ्यासकांना आजही लागणारा दस्तऐवज आहे. १८९८ मध्ये तो इंग्रजी भाषांतरात प्रसिद्ध झाला. म्हणजे नवी दिल्ली कल्पनेतही नव्हती तेव्हा पहाडगंज होते. १२ डिसेंबर १९११ रोजी राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवण्याची घोषणा झाली आणि त्यानंतरच्या दोन दशकांत या वस्तीच्या दक्षिणेला जयसिंगपुरा आणि माधोगंज यांसारख्या वाड्या-वस्त्या उठवून कॅनॉट प्लेस बांधले गेले. उत्तरेला शाहजहानची दिल्ली, दक्षिणेला ब्रिटिशांची नवी दिल्ली, आणि दोहोंच्या मध्ये पहाडगंज. ही वस्ती पाडली गेली नाही, पण तिच्या चारही बाजूंचा प्रदेश बदलून गेला.

या बदलाचे मुख्य साधन होते रेल्वे. आग्र्याहून दिल्लीला येणारा जुना लोहमार्ग नियोजित राजपथाच्या (आजच्या कर्तव्य पथाच्या) आणि युद्धस्मारकाच्या जागेतूनच जात असल्याने तो उचलून यमुनेच्या बाजूने न्यावा लागला आणि हा नवा मार्ग १९२४ मध्ये सुरू झाला. त्यासाठी बांधलेल्या मिंटो आणि हार्डिंज या दोन पुलांची नावे स्वातंत्र्यानंतर शिवाजी ब्रिज आणि टिळक ब्रिज अशी झाली. महाराष्ट्रातून नवी दिल्लीला मथुरेच्या मार्गाने येणाऱ्या कितीतरी गाड्या आपल्या प्रवासाच्या शेवटी या दोन नावांवरून जातात, पण त्या नावांच्या जागी शहराचा नकाशा एकदा फिरवला गेला होता याची जाणीव फार थोड्यांना असते. यांपैकी मिंटो पुलाखालचा सखल रस्ता पावसाळ्यात तुंबतो आणि बुडालेल्या बसचे छायाचित्र दिल्लीच्या वृत्तपत्रांत पिढ्यान्‌पिढ्या येत राहिले आहे. कोणी ठरवून केलेली नसली तरी एकाच जागेची इतकी दीर्घ चित्रमालिका दिल्लीत दुसरी सापडणे कठीण. १९२६ च्या सुमारास अजमेरी दरवाजा आणि पहाडगंज यांच्या मध्ये एकच फलाट असलेले छोटे स्थानक मंजूर झाले. त्याचेच आज १६ फलाटांचे नवी दिल्ली स्थानक झाले असून त्याच्या दोन तोंडांना लोक अजूनही ‘पहाडगंज साइड’ आणि ‘अजमेरी गेट साइड’ असेच म्हणतात.

फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी पहाडगंज भरून गेले. १९४१ च्या जनगणनेत दिल्ली प्रांताची लोकसंख्या सुमारे ९ लाख १८ हजार होती, ती १९५१ मध्ये १७ लाख ४४ हजारांवर गेली. मुलतानी ढांडा हे तिथल्या एका मोहल्ल्याचे नाव त्या लोंढ्याची साक्ष देते. मराठी माणसालाही ही वस्ती परकी नाही, कारण नूतन मराठी शाळा पहाडगंजातच आहे आणि दिल्लीकर मराठी कुटुंबांच्या काही पिढ्या तिथे शिकल्या. १९७० च्या दशकात युरोपातून जमिनीच्या मार्गाने येणारे तरुण प्रवासी मेन बाजारातील स्वस्त खोल्यांत उतरू लागले, घरांची हॉटेले झाली, हॉटेलांवर मजले चढले, आणि आज त्या बाजारातून चालताना डोक्यावर विजेच्या तारांचे जाळे, त्यांच्या मध्ये आडव्या-उभ्या पाट्या आणि खाली सामानाच्या हातगाड्या, ई-रिक्षा व प्रवासी यांची अखंड रेटारेटी दिसते. कायम राहण्यासाठी आलेल्यांपेक्षा पुढे जाण्यासाठी आलेल्यांची संख्या जिथे नेहमीच मोठी असते, अशी ही जागा आहे.

दिल्लीच्या बदललेल्या भूदृश्याचे पहिल्या पद्धतीने, म्हणजे तुलनेने, झालेले काम उत्तम आहे आणि त्याची ओळख इथे करून देणे आवश्यक आहे. व्हेनिसमध्ये जन्मलेला फेलिचे बिआतो हा युद्धांची छायाचित्रे काढणारा व्यावसायिक क्रिमियाच्या युद्धानंतर १८५८ मध्ये भारतात आला, आणि त्याने उठाव चिरडला गेल्यानंतरच्या लखनौची व दिल्लीची छायाचित्रे घेतली. काश्मिरी दरवाजा, लाल किल्ला, जामा मशीद, हुमायूनची कबर, जंतरमंतर अशी स्थळे त्यात आहेत. त्या चित्रांत रस्ते जवळजवळ रिकामे दिसतात, आणि त्याची कारणे दोन : एक तांत्रिक, कारण त्या काळच्या काचेच्या पट्टीला प्रकाश पुरेसा मिळण्यासाठी भिंग बराच वेळ उघडे ठेवावे लागे आणि तेवढ्या वेळात हलणारा माणूस पट्टीवर उमटतच नसे, दुसरे राजकीय, कारण शहर जिंकल्यावर ब्रिटिशांनी रहिवाशांना बाहेर हाकलले होते. पाहणाऱ्याला ही दोन कारणे चित्रात वेगळी करता येत नाहीत, आणि म्हणूनच बिआतोची दिल्ली शांत वाटते तशी ती शांत नव्हती हे लक्षात ठेवावे लागते. पुढे किल्ल्यातील बहुतेक इमारती आणि किल्ला ते जामा मशीद यांमधील दाट वस्ती पाडण्यात आली आणि १८६७ मध्ये रेल्वे थेट तटबंदीच्या आत घुसली.

या छायाचित्रांच्या जागा १४० वर्षांनी शोधून काढण्याचे काम जिम मॅसेलोस यांनी केले. हे ऑस्ट्रेलियन इतिहासकार मराठी अभ्यासकांना मुंबई-पुण्याच्या एकोणिसाव्या शतकातील सार्वजनिक संस्थांवरील संशोधनामुळे परिचित आहेत. ‘दिल्ली बिट्वीन टू एम्पायर्स’ या ग्रंथाच्या लेखिका नारायणी गुप्ता यांच्यासह त्यांनी २००० मध्ये ‘बिआतोज दिल्ली १८५७, १९९७’ हे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि त्यात बिआतोचे चित्र व १९९७ चे चित्र समोरासमोर ठेवले. जंतरमंतरचे उदाहरण घ्यावे. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात उभारलेली ही वेधशाळा पहाडगंजापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर आहे, आणि तिच्यातील सम्राट यंत्र ही मुळात एक प्रचंड सूर्यघटी आहे : तिरक्या भिंतीची सावली वक्र पट्टीवर जिथे पडेल तिथून वेळ वाचायची. बिआतोच्या काळी हे यंत्र शहराबाहेरच्या मोकळ्या रानात उभे होते. आज त्याच्या भोवती कॅनॉट प्लेसच्या परिसरातील उंच इमारती उभ्या आहेत आणि क्षितिज इतके झाकले गेले आहे की आकाशाच्या वेधासाठी बांधलेल्या वास्तूला आकाशच अपुरे पडते. दोन चित्रांच्या तुलनेतून हे एका दृष्टिक्षेपात कळते.

परंतु तुलनेच्या पद्धतीची मर्यादाही इथेच आहे. १८५८ आणि १९९७ यांच्या दरम्यान जे घडले, कोण उठवले गेले, कोणी विटा वाहिल्या, कोण कुठे झोपले, त्यातले काहीच या जोडीत दिसत नाही. दोन चित्रांमधली पांढरी जागा वाचकाने इतिहासाच्या ज्ञानाने भरायची असते. पहाडगंजासारख्या वस्तीला तर तुलनेसाठी पहिले चित्रच नाही, कारण ज्या जागा स्मारके नव्हती त्यांच्याकडे बिआतोने आणि त्याच्यानंतरच्या बहुतेकांनी कॅमेरा वळवलाच नाही.

पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यातला विकी हा मुलगा १९९९ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, आजोळच्या घरातून पळाला आणि नवी दिल्ली स्थानकावर उतरला. मोठे झाल्यावर रॉय यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलेल्या हकिकतीत स्थानकावरील मुलांच्या पोट भरण्याच्या एका रीतीचे वर्णन आहे, आणि ते इथे थोडे तपशिलाने नोंदवण्याजोगे आहे. प्रवाशांनी फेकलेल्या पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या रुळांवरून आणि डब्यांतून गोळा करायच्या, त्या फलाटावरच्या थंड पाण्याच्या नळावर भरायच्या आणि जनरल डब्यात, जिथे गर्दीमुळे प्रवाशाला खाली उतरून पाणी आणणे शक्य नसते, काही रुपयांना विकायच्या. या धंद्याचे सगळे भांडवल म्हणजे गाडी थांबण्याची मिनिटे. कोणती गाडी किती वेळ थांबते, कोणत्या डब्याची दारे उघडी असतात, पोलीस कोणत्या बाजूने येतात, हे ज्याला ठाऊक त्याला त्या दिवशी जेवण. अशा मुलाची वेळेची जाण घड्याळाची नसते, ती दोन गाड्यांमधल्या अंतराची असते. पुढे अजमेरी दरवाजाजवळच्या एका ढाब्यावर भांडी घासण्याचे काम त्याने केले आणि तिथून तो ‘सलाम बालक ट्रस्ट’ या संस्थेच्या ‘अपना घर’ या आश्रयगृहात पोहोचला.

या संस्थेचा जन्म मुंबईच्या रस्त्यांशी जोडलेला आहे. मीरा नायर यांच्या १९८८ च्या ‘सलाम बॉम्बे!’ या चित्रपटात मुंबईतील खरीखुरी रस्त्यावरची मुले कामे करीत होती. चित्रीकरण संपल्यावर त्या मुलांचे काय, या प्रश्नातून मुंबईत आणि दिल्लीत ‘सलाम बालक’ या नावाने काम उभे राहिले. दिल्लीतील ट्रस्टचे कार्यालय पहाडगंजात आहे, आणि संस्थेत वाढलेले तरुण पाहुण्यांना स्थानक व पहाडगंजाच्या गल्ल्या पायी दाखवतात. आश्रयगृहाचे चित्रण करायला आलेल्या डिक्सी बेंजामिन या ब्रिटिश छायाचित्रकाराचा मदतनीस म्हणून रॉय यांनी पहिले धडे घेतले आणि त्यानंतर दिल्लीतील अनय मान यांच्याकडे त्यांनी उमेदवारी केली. गुरूकडे राहून दिवे उचलणे, फिल्म भरणे आणि पाहत राहणे, ही भारतीय छायाचित्रणातील जुनी रीत. एकोणिसाव्या शतकातील मुंबईत, जिथे १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी यांच्यासारखे मराठी छायाचित्रकार तिच्यात वावरले, तिथेही ही कला पुष्कळशी अशाच सहवासातून पसरली.

२००७ मध्ये दिल्लीच्या इंडिया हॅबिटॅट सेंटरमध्ये ‘स्ट्रीट ड्रीम’ हे रॉय यांचे पहिले एकल प्रदर्शन भरले. विषय होता रस्त्यावर राहणारी आणि काम करणारी मुले. त्या वेळी रॉय विशीच्या उंबरठ्यावर होते आणि ज्यांची चित्रे ते घेत होते ती मुले त्या वयाची होती ज्या वयात ते स्वतः त्याच स्थानकावर राहत होते. म्हणजे समोरचा मुलगा वर्तमानात उभा आहे, पण चित्र घेणाऱ्यासाठी तो आठ-दहा वर्षांपूर्वीचा काळ आहे; आणि त्या मुलाकडून पाहिले तर कॅमेऱ्यामागे उभा असलेला तरुण हा त्याचा एक शक्य असलेला भविष्यकाळ आहे. एकाच जागेवर दोन काळ समोरासमोर उभे राहिले, आणि बिआतो-मॅसेलोस यांच्या जोडचित्रात ज्यासाठी दोन माणसे व १४० वर्षे लागली ते इथे एका चौकटीत घडले. रस्त्यावरील मुलांची चित्रे भारतात पूर्वीही पुष्कळ निघाली होती, पण त्यांतल्या फार मोठ्या भागात मूल हे करुणेचे निमित्त असते : डोळे मोठे, चेहरा मळका, पार्श्वभूमी अंधुक. अशा चित्रात काळ नसतो, कारण त्या मुलाला काल आणि उद्या आहे असे पाहणाऱ्याला वाटतच नाही. रॉय यांच्या कामाचा पहिला गुण हा की त्यांनी या मुलांना काळ परत दिला.

त्यानंतर मेबाख फाउंडेशनने २००८ मध्ये त्यांची निवड केली आणि २००९ मध्ये न्यूयॉर्कला सहा महिने राहून जागतिक व्यापार केंद्राच्या पुनर्बांधणीचे चित्रण करण्याची संधी त्यांना मिळाली. त्याच काळात तिथल्या इंटरनॅशनल सेंटर ऑफ फोटोग्राफीमध्ये त्यांना शिकताही आले. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात कोसळलेल्या मनोऱ्यांच्या जागी उभी राहणारी मुख्य इमारत २०१४ मध्ये वापरासाठी खुली झाली, आणि स्मारकाची दोन जलकुंडे २०११ मध्ये. याचा अर्थ रॉय तिथे होते तेव्हा ढिगारा उपसून झाला होता, जुन्या मनोऱ्यांची आठवण देणारे फार थोडे उरले होते आणि नवी इमारत जमिनीच्या फारशी वर आली नव्हती. जगातील सर्वाधिक छायाचित्रे निघालेल्या स्थळांपैकी हे एक. जळत्या मनोऱ्यांची चित्रे सर्वांना ठाऊक आणि ५४१ मीटर उंचीच्या नव्या मनोऱ्याचीही. या दोन चित्रांमधली तेरा वर्षे मात्र लोकांच्या स्मरणात नाहीत, कारण खड्डा, मचाण, पोलादाचे गज आणि हेल्मेट घातलेले मजूर यांना कोणी स्मरणीय मानत नाही. पहाडगंजहून गेलेल्या छायाचित्रकाराच्या वाट्याला नेमका हा काळ आला, आणि ते त्याचे सुदैव म्हणायला हवे, कारण अपुऱ्या अवस्थेतील जागा कशी पाहावी हे त्याला शिकावे लागणार नव्हते.

या ओळीतील सर्वांत प्रगल्भ काम म्हणजे हिमाचल प्रदेशातील डोंगरांवरील ‘धिस स्कार्ड लँड : न्यू माउंटनस्केप्स’ ही मालिका, जी २०१८ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन येथे भारतीय छायाचित्रणाला वाहिलेल्या फोटोफेस्ट या द्वैवार्षिक महोत्सवातही दाखवली गेली. रस्ते, जलविद्युत प्रकल्प, बोगदे आणि काँक्रीटची बांधकामे यांनी कापलेले डोंगर हा तिचा विषय आहे. तिचे वेगळेपण कळण्यासाठी हिमालयाच्या छायाचित्रणाच्या आरंभाकडे जावे लागते.

सॅम्युएल बोर्न हा बँकेतील नोकरी सोडून आलेला इंग्रज १८६३ मध्ये शिमल्याहून सतलजच्या खोऱ्याने चिनीपर्यंत, म्हणजे आजच्या किन्नौरमधील कल्पापर्यंत, गेला, आणि १८६६ मध्ये कुलू, लाहौल व स्पिती पार करून सुमारे १८,६०० फुटांवरील मणिरंग खिंडीत त्याने छायाचित्रे घेतली. इतक्या उंचीवर त्यापूर्वी कोणी कॅमेरा नेला नव्हता. त्याची पद्धत ओल्या कलोडियनची होती. तंबूच्या अंधारात काचेच्या पट्टीवर कलोडियन नावाचे चिकट द्रावण सारखे पसरायचे, ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवून प्रकाशग्राही करायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे आणि वाळायच्या आत पुन्हा तंबूत नेऊन विकसित करायची. त्यामुळे काचा, रसायने, तंबू आणि खाणेपिणे वाहायला डझनावारी हमाल लागत, आणि त्यांपैकी कित्येक थंडीला आणि कष्टांना कंटाळून वाटेत पळून जात. या हमालांनी पाठीवर वाहून नेलेल्या काचांवर जो हिमालय उमटला तो जवळजवळ निर्मनुष्य, अक्षय आणि कालातीत आहे. बोर्नची कारागिरी अजोड होती यात शंका नाही. पण पर्वत म्हणजे न बदलणारी गोष्ट, ही समजूत दृढ करण्यात त्याच्या चित्रांचा वाटा मोठा आहे, आणि आजची कॅलेंडरे व पर्यटन खात्यांची भित्तिपत्रके त्याच समजुतीवर चालतात.

प्रत्यक्षात सतलजचे खोरे आज देशातील सर्वाधिक बांधकाम झालेल्या पर्वतीय खोऱ्यांपैकी एक आहे. याच नदीवर खाली भाक्रा धरण आहे. वर १,५०० मेगावॅटचा नाथपा-झाकडी प्रकल्प असून त्याचा पाणी वाहून नेणारा बोगदा २७ किलोमीटरहून लांब आहे, आणि त्याच्याही वर मुळात १,००० मेगावॅटचा असलेला कडछम-वांगटू प्रकल्प आहे. या प्रकारच्या प्रकल्पात मोठा जलाशय न करता नदीचे पाणी डोंगराच्या पोटातून नेऊन पुढे उतारावर टर्बाइनांवर सोडतात, त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला नदीचे पात्र काही अंतर जवळजवळ कोरडे दिसते आणि बोगद्यातून निघालेला दगडमातीचा राडारोडा उतारावर ढीग करून टाकलेला दिसतो. हिमालय हा भूशास्त्राच्या दृष्टीने तरुण पर्वत आहे, त्याचे खडक भेगाळलेले आहेत आणि उतार स्थिर होण्यासाठी त्यांना फार मोठा काळ लागतो. रस्ता रुंद करताना डोंगराचा पायथा उभा कापला की वरचा भार अधांतरी राहतो, आणि तो कोसळतो ते काम संपल्यावर, कधी पहिल्याच पावसाळ्यात तर कधी वर्षांनंतर. किन्नौरमध्ये निगुलसरी येथे ११ ऑगस्ट २०२१ रोजी राष्ट्रीय महामार्गावर दरड कोसळून एका बसमधील आणि इतर वाहनांतील अनेकांचे प्राण गेले. २०२३ च्या पावसाळ्यात तर राज्यभर असे घडले.

रॉय यांनी या मालिकेत दुर्घटनांच्या मागे धावणे पत्करलेले नाही. कोसळण्याच्या आधीचा, कापून झालेल्या पण अजून उभ्या असलेल्या डोंगराचा काळ त्यांनी निवडला आहे. वृत्तछायाचित्रकाराला अशा जागेत काही सापडत नाही, कारण काही घडलेले नसते. निसर्गछायाचित्रकार तिथून तोंड फिरवतो, कारण दृश्य बिघडलेले असते. अमेरिकेत १९७५ मध्ये रॉचेस्टर येथे भरलेल्या ‘न्यू टोपोग्राफिक्स’ या प्रदर्शनात रॉबर्ट अॅडम्स, लुइस बाल्ट्झ, बेख़र दांपत्य आदींनी माणसाने बदललेल्या प्रदेशाकडे अलिप्त नजरेने पाहण्याची जी परंपरा सुरू केली, तिच्याशी रॉय यांच्या मालिकेचे नाते मालिकेच्या नावातही जाणवते. तरीही फरक महत्त्वाचा आहे. त्या छायाचित्रकारांची अलिप्तता ही भूमिका म्हणून स्वीकारलेली होती. रॉय यांना ती परवडणारी नव्हती, कारण विकासाच्या कामावर रोजंदारीने येणाऱ्या आणि काम संपले की पुढच्या साइटवर जाणाऱ्या माणसांचे जग त्यांना बाहेरून माहीत झालेले नव्हते. त्यांच्या डोंगराला जखम झालेली आहे असे ते शीर्षकातच म्हणतात, आणि जखम हा शब्द जिवंत गोष्टीसाठीच वापरला जातो.

या मालिकेविषयी एक आक्षेप घेता येण्याजोगा आहे, आणि तो इथे टाळणे योग्य होणार नाही. मोठ्या आकारात, काळजीपूर्वक बांधलेल्या चौकटीत, कापलेला डोंगरही सुंदर दिसतो, आणि कलादालनातील पाहणारा त्या सौंदर्यावर थांबून पुढे जाऊ शकतो. हा धोका खरा आहे. पण कुरूप चित्र कोणी दोनदा पाहत नाही, आणि हळूहळू घडणाऱ्या नाशासाठी दोनदा पाहिले जाणे हीच पहिली गरज आहे. शिवाय हिमाचलातील रस्ते आणि वीज ही तिथल्या लोकांचीही गरज आहे. रॉय यांची चित्रे आरोपपत्र होत नाहीत, याचे श्रेय त्यांनी ही गरज ओळखल्याला द्यायला हवे.

या सर्व कामांच्या मध्ये, २०१३ मध्ये, ‘होम स्ट्रीट होम’ हे त्यांचे पुस्तक नजर फाउंडेशनने प्रसिद्ध केले आणि दिल्ली फोटो फेस्टिव्हलमध्ये ते लोकांसमोर आले. ज्या आश्रयगृहात रॉय वाढले तिथल्या मुलांचे रोजचे जगणे त्यात आहे : अंघोळ, अभ्यास, खेळ, झोप. ‘स्ट्रीट ड्रीम’पेक्षा हे पुस्तक शांत आहे आणि कदाचित म्हणूनच त्याची चर्चा कमी झाली, प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने मात्र तेच त्यांचे सर्वांत मौलिक काम आहे. घरातून पळालेल्या किंवा हरवलेल्या मुलाच्या आयुष्यात छायाचित्राला सरकारी अर्थ असतो. संस्थेत दाखल होणाऱ्या मुलाला बालकल्याण समितीपुढे उभे करावे लागते, त्याची फाइल होते, फाइलवर त्याचा समोरून घेतलेला फोटो लागतो, आणि तो फोटो हरवलेल्या मुलांच्या नोंदींशी ताडून पाहिला जातो. हे काम आवश्यक आहे आणि त्यामुळे कित्येक मुले घरी परतली आहेत. परंतु त्या फोटोचे तोंड मागे आहे : हा मुलगा कोणाचा, कुठला, कधी हरवला, एवढेच त्याला विचारायचे असते. घर सापडले की फोटोचे काम संपते, आणि सापडले नाही तर फोटो फाइलीत राहतो. पळून येण्याआधीच्या बालपणाची चित्रे या मुलांजवळ बहुधा नसतात, आणि पुढे अठराव्या वर्षी आश्रयगृह सोडावे लागते, कारण कायद्याने बालक असण्याची मुदत तिथे संपते. या दोन तारखांच्या मध्ये मुलगा जो वाढला, ज्या पलंगावर झोपला, ज्याच्याशी भांडला आणि ज्याच्या खांद्यावर हात टाकून उभा राहिला, त्याची नोंद कोणत्याही रजिस्टरात होत नाही. इतर मुलांच्या घरी ही नोंद आईवडिलांनी काढलेल्या वाढदिवसांच्या, सहलींच्या आणि शाळेच्या गणवेशातील फोटोंत होत असते. पहाडगंजच्या मुलांसाठी ती त्याच घरातून मोठ्या झालेल्या एकाने केली, आणि त्या पुस्तकातील मुले आज तिशीकडे झुकलेले, कामधंद्याला लागलेले पुरुष आहेत.